ना विकतची, ना फुकटची म्हैस

माझं लग्न होऊन मी भोरात आले तेव्हा आमच्या घरात चार माणसं होती. मामंजी, म्हणजे माझे सासरे, संस्थानच्या नोकरीतून पेन्शनीवर आलेले. आत्याबाई, म्हणजे सासूबाई, घराच्या खऱ्या मालकीण. आमचे हे कचेरीत कारकून. आणि चौथी मी, वेल्ह्याच्या अलीकडच्या एका खेड्यातली शेतकऱ्याची लेक. पगार आणि पेन्शन मिळून महिना कसाबसा पार पडायचा, पण कधी कुणापुढे हात पसरला नाही याचा मामंजींना केवढा अभिमान! नोकरीत असताना त्यांनी कुणाकडून कोथिंबिरीची जुडीसुद्धा घेतली नव्हती. एकदा कुणीतरी ओसरीवर भोपळा ठेवून गेलं, तर तो खांद्यावर घेऊन मामंजी अख्खं भोर हिंडले, मालक सापडेपर्यंत. ही गोष्ट मला लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी ऐकवण्यात आली.

घरात अडचण होती ती दुधाची. गवळी जे दूध घालायचा त्यातून भांड्याचा तळ दिसायचा. एक दिवस आत्याबाई म्हणाल्या, "पाण्याला पैसे देण्यापेक्षा म्हैसच घेऊ. परसात जागा आहे, आणि सून म्हशींतच वाढलीय."

मला तर तिथंच एक गिरकी घ्यावीशी वाटली. माहेरच्या आठवणीत आईआबांच्या खालोखाल म्हशींचाच नंबर होता. मी म्हटलं, "आमच्या आबांकडं चांगल्या म्हशी आहेत."

"बाजारभावानं घ्यायची," मामंजींनी लगेच अट घातली. "नातं नात्याच्या जागी, व्यवहार व्यवहाराच्या जागी."

साठवलेले पैसे त्यांनी रुमालात बांधून तयार ठेवले आणि वेल्ह्याला निरोप गेला.

आबा स्वतःच म्हैस घेऊन आले. दोन दिवस चालत, मधली रात्र कापूरहोळला काढून. पुढे आबा, मागे ती काळीभोर, भरल्या अंगाची म्हैस आणि तिच्यामागे उड्या मारणारं रेडकू. आमची गल्ली दारात येऊन उभी राहिली. मी धावत जाऊन आधी म्हशीच्या गळ्यात पडले, मग आबांच्या पाया पडले. आबांनी ते बरोबर टिपलं.

मामंजींनी आदरानं पाट मांडला. "बसा व्याही. पाणी घ्या."

"पानी नगं. लेकीला मूल होईस्तवर तिच्या घरचं पानी घ्यायची आमच्यात रीत न्हाई."

"बरं, मग हे तरी घ्या," म्हणत मामंजींनी रुमाल पुढे केला.

आबा दोन पावलं मागे सरले, जसा काही रुमालात विंचू होता. "जिच्या घरचं पानी घेत न्हाई, तिच्या घरचा पैका घेऊ व्हय? पावनं, लेकीला म्हस दिलीया म्या. इकली न्हाई."

"आणि मी व्याह्यांकडून फुकट जनावर घेऊ? उद्या लोक म्हणतील, लग्नात हुंडा नाही घेतला तो आता म्हशीच्या रूपानं उकळला!"

"लोकांच्या तोंडाला काय दावं बांधायचं?"

"माझं सांगतो. मला झोप लागणार नाही."

"आन मला लागंल व्हय?"

दोघंही हात जोडून, अगदी नम्रपणे भांडत होते. तेवढ्यात म्हशीनं दोरीवर वाळत घातलेल्या मामंजींच्या उपरण्याचं टोक तोंडात घेतलं. ते सोडवायला सगळे धावले, आणि त्या गोंधळात आबा काठी उचलून चालते झाले. नदीकाठी बसून त्यांनी आपल्या फडक्यातली भाकरी खाल्ली आणि आल्या वाटेनं परत गेले.

मामंजींनी ओसरीत उभं राहून निकाल दिला, "किंमत पोचती होईपर्यंत ही म्हैस आपली नाही. हिच्या दुधाचा थेंब या घराला वर्ज्य."

आता म्हैस काही निकालाची वाट बघत नाही. तिला दोन्ही वेळेला पिळावीच लागायची. मी पिळत होते, कासंडी फेसानं भरत होती, आणि ते सगळं दूध आम्ही गल्लीत वाटत होतो! शेजारणी तांबे घेऊन रांगेनं उभ्या राहायच्या. कुणाकडे खीर, कुणाकडे बासुंदी, कुणाच्या घरी पाहुणेच मुक्कामाला आलेले. आणि आमच्या घरात चहाला गवळ्याचं तेच निळसर पाणी, तेही विकत. वर उत्रोलीहून पेंढा आणायचा, सरकी आणायची. पैसे वाचवायला आणलेल्या म्हशीनं महिन्याचा खर्च दीडपट केला. गवळीसुद्धा सुखी नव्हता. "तुमच्यापायी अख्ख्या गल्लीनं माझं दूध बंद केलं," तो आत्याबाईंना म्हणाला. "आता एकटं तुमचंच गिऱ्हाईक उरलंय."

आत्याबाईंनी कपाळाला हात लावला. मी पदर तोंडात कोंबून परसात पळाले आणि म्हशीच्या पाठीवर डोकं टेकून पोट दुखेपर्यंत हसले.

पैसे पोचवण्याचे प्रयत्न झाले. शनिवारी कचेरी सुटल्यावर रुमाल घेऊन आमचे हे वेल्ह्याकडं गेले. दुसऱ्या दिवशी आले ते तांदळाचं पोतं घेऊन. वास घरभर सुटला, आंबेमोहोर होता. पोतं सोडलं तर तांदळात रुमाल. मामंजींनी मनिऑर्डर केली. पोस्टमन गावात पोचला तेव्हा आबा रानात गेलेले, दुसऱ्यांदा गेला तेव्हाही रानात, आणि तिसऱ्यांदा तर आबांनी त्याला जेवायला वाढून, सोबत घेवड्याच्या शेंगा देऊन परत पाठवलं. मनिऑर्डर माघारी आली, पाठवणावळ बुडाली. मामंजींनी ते तांदळाचं पोतंही वर्ज्यात टाकलं. त्या दिवशी आत्याबाईंच्या सहनशक्तीचा तळ लागला.

"तुम्ही दोघं पुरुष आपापल्या जागी खरे आहात," त्या मामंजींना म्हणाल्या. "पण तुमच्या खरेपणावर चूल पेटत नाही. तो रुमाल इकडे द्या."

"काय करणार?"

"ते बायकांचं काम आहे. विचारू नका."

मामंजींनी विचारलं नाही. मला वाटतं, त्यांनाही गवळ्याच्या चहाचा कंटाळा आला होता.

म्हशीची धार शेजारणीवर सोपवून आत्याबाई, मी आणि सोबतीला हे, असे आम्ही निघालो. नसरापूरपर्यंत सर्व्हिस मोटार, पुढे बैलगाडी. आत्याबाई जन्मात पहिल्यांदा मोटारीत बसल्या होत्या. सुरुवातीला डोळे मिटून देवाचं नाव घेत होत्या. कापूरहोळ आलं तेव्हा खिडकीतून बाहेर वाकून मला म्हणाल्या, "अगं, झाडं बघ कशी पळतायत!" आणि मग नसरापूरपर्यंत त्या कुणाला खिडकीशी बसू देईनात.

विहीणबाई दारात उतरल्या म्हटल्यावर माझ्या आईची त्रेधा उडाली. एका हातानं पदर सावरतेय, दुसऱ्या हातानं कोंबड्या हाकलतेय. आबा मात्र सावध झाले. त्यांची नजर आत्याबाईंच्या हातातल्या पिशवीवर. आत्याबाई पैशाचं काही बोलल्याच नाहीत. पिठलं-भाकरी पोटभर जेवल्या, भाताच्या खाचरांचं कौतुक केलं. जेवणं झाल्यावर म्हणाल्या, "विहीणबाई, पाटावर बसा. पहिल्यांदा तुमच्या दारी आलेय, ओटी भरते."

आई पदर पसरून बसली. आत्याबाईंनी हळदकुंकू लावलं, खण ठेवला, नारळ ठेवला, तांदूळ घातले आणि त्यावर अलगद तो रुमाल ठेवला.

आबा ताडकन उठले. "हां हां! विहीणबाई, ह्यो पैका म्या घेनार न्हाई म्हंजे न्हाई!"

"तुम्हाला कोण देतंय?" आत्याबाई शांतपणे म्हणाल्या. "मी माझ्या विहिणीची ओटी भरली. ओटीत काय घालायचं ते भरणारीनं ठरवायचं."

आबांनी आईकडं बघितलं. "दे माघारी."

आईनं पदराची गाठ मारली. इतकी वर्षं मी तिला ओळखत होते, पण तो चेहरा मी कधी पाहिला नव्हता. "ओटी माघारी देत्यात व्हय? लेकीच्या संसाराला बट्टा लागंल. आन तुमी पैका घ्यायचा न्हाई असं बोलला व्हता. तुमी कुठं घेतलाय? म्या घेतला."

आमचे हे भिंतीकडं तोंड करून गदागदा हलत होते. शेवटी आबाच आधी फस्सकन हसले, आणि मग आम्ही सगळे असे हसलो की शेजारची माणसं काय झालं म्हणून बघायला आली.

त्या संध्याकाळी त्या दोघी विहिणींना काय झालं कोण जाणे. अंगणात गप्पा मारता मारता आत्याबाई म्हणाल्या, "लहानपणी मी फुगडीत कुणाला हार जायची नाही." आई म्हणाली, "म्या बी न्हाई." झालं! दोघींनी पदर खोचले, हाताची कैची घातली आणि गरगरा फिरायला लागल्या. भोरच्या कारकुनाची आई आणि वेल्ह्याकडची कुणबीण, दोघींचे अंबाडे सुटले, बांगड्या वाजतायत, तोंडानं 'पक पक' असा फुगडीचा पकवा चाललाय. मी टाळ्या वाजवून वाजवून हात लाल करून घेतले. दोघी एकदमच शेणाच्या सारवणावर फतकल मारून बसल्या, आणि कोण हरलं याचा वाद दुसऱ्या दिवशी आम्ही गाडीत बसेपर्यंत चालला होता.

भोरला आल्यावर मामंजींनी आत्याबाईंना एखाद्या वकिलासारखं विचारलं, "पैसे पोचले?"

"पोचले."

"व्याह्यांनी घेतले?"

"त्यांच्या घरात राहिले."

मामंजींनी उपरणं झटकून खांद्यावर टाकलं. मग मला म्हणाले, "सूनबाई, दूध तापव." त्या संध्याकाळी आम्ही चौघं इतकं दूध प्यायलो की रात्री कुणाला जेवता आलं नाही. पुढं म्हशीचं जास्तीचं दूध आत्याबाईंनी रतिबानं घालायला सुरुवात केली आणि घरखर्चाला जरा श्वास मिळाला. ताक मात्र कधी विकलं नाही, ते मागेल त्याला.

आईनं त्या पैशांचं काय केलं ते मला बऱ्याच दिवसांनी, बाळंतपणाला माहेरी गेले तेव्हा कळलं. अंगणात जांभळीखाली एक खुर्ची होती. चांगली हात असलेली, वेताची. गावात खुर्ची म्हणजे चावडीवर, ती मामलेदार आला तरच बाहेर निघायची. आईनं बाजारातून आणवली होती आणि कामं उरकली की तिच्यावर बसून लसूण सोलायची.

"बाकीचा पैका हाय डब्यात," ती म्हणाली. "पर एकदा बसून बघायचं व्हतं, कसं वाटतं."

"आणि कसं वाटतं?"

"लई ब्येस. पाय हलवता येत्यात."

आबांनी तर शपथच घेतली होती की लेकीच्या घरच्या पैशाच्या खुर्चीला पाठ लावणार नाही. पण एका दुपारी आई नदीवर धुण्याला गेली होती आणि मी घरातून बाहेर आले, तर आबा खुर्चीत रेलून बसलेले, डोळे मिटलेले, आणि दोन्ही पाय हवेत हलतायत.

मी पाऊल न वाजवता आत गेले.