आतल्या खोलीत आवाज घुमत नाही

आधीच सांगते, मी शाळेत विज्ञान शिकवते. नववीचा ध्वनीचा धडा दरवर्षी माझ्याच वाट्याला येतो. अंगात येणं, बाहेरचं लागणं असलं काही मी मानत नाही, आणि मानणाऱ्यांशी वादही घालते. त्यामुळे हे इथं लिहिताना मला खरं तर राग येतोय... कोणाचा, ते मात्र सांगता येत नाही.

झालं असं – आई गेल्यावर अप्पा, म्हणजे माझे वडील, कंधारला एकटेच राहत होते. आयुष्यभर किराणा दुकान चालवलेला माणूस, लातूरला माझ्याकडं यायला तयारच नाही. मग एकदा न्हाणीत पाय घसरून पडले. शेजाऱ्यांनी कडी तोडून बाहेर काढलं. त्यानंतर मी त्यांचं ऐकूनच घेतलं नाही. सामान बांधायचं, लातूरला यायचं आणि ते घर भाड्यानं द्यायचं.

घर लहानच आहे. बस स्टँडच्या मागच्या गल्लीत, स्लॅबचं. पुढची खोली, स्वयंपाकघर आणि आतली खोली. आजारपणात आई त्या आतल्या खोलीतच असायची. शेवटी तिची वाचा गेली होती, तरी अप्पा दिवसभर तिच्या कॉटशेजारी बसून बोलत राहायचे. तुरीचा भाव, गल्लीतल्या भानगडी, काहीही.

बांधाबांध म्हणजे नुसता वैताग होता. मी खोकं भरून चिकटपट्टी लावायची आणि अप्पांनी ते फोडायचं.

"अप्पा, परत कशाला सोडलं?"

"किसणी कुठं ठेवलीस, बघायलो."

"तुम्हाला किसणी कशाला लागते आता?"

"लागत न्हाई. नुस्तं बघायलो."

तेलाचे रिकामे डबे, फाटकी सतरंजी, दांडा तुटलेलं पातेलं – काही म्हणून टाकू देईनात. माझ्या नवऱ्यानं, महेशनं, गुपचूप काही बाहेर ठेवलं की अप्पा जाऊन उचलून आणायचे. शेवटी मी हात टेकले. चादरींची गाठोडी, सुतळीनं बांधलेल्या गाद्या, आईचं लोखंडी कपाट, तिची कॉट, सगळंच टेम्पोत चढवलं.

घर रिकामं झाल्यावर मी शेवटचा झाडू मारत होते. पुढच्या खोलीतून ओरडले, "महेश, मागची कडी लावली का?" आवाज चांगलाच घुमला. साहजिक आहे. रिकाम्या खोलीत आवाज शोषून घ्यायला काही नसतं, तो भिंतींवर आपटत राहतो. निनाद म्हणतात त्याला, धड्यातच आहे.

महेश आतल्या खोलीतून म्हणाला, "लावली." आवाज अगदी कोरडा. गाद्या-कपड्यांनी भरलेल्या खोलीतून यावा तसा.

मग तोच म्हणाला, "संगीता, इकडं ये जरा."

आम्ही टाळ्या वाजवून पाहिल्या. स्वयंपाकघरात घुमतं, पुढच्या खोलीत घुमतं, इथं नाही. समोर चार उघड्या भिंती, खिळासुद्धा काढून घेतलेला! ओल असेल, गिलावा वेगळा असेल, असं म्हणून मी तो विषय झटकला. बाहेर टेम्पोवाला हॉर्नवर हॉर्न देत होता.

लातूरला अप्पांना गॅलरीची खोली दिली. सगळं सामान तिथंच लावलं, नाहीतर ते ऐकणार नव्हते. छतापर्यंत गाठोडी, पाय ठेवायला जागा नाही. कंबर धरून मी म्हटलं, "झालं बाबा एकदाचं!"

आणि आवाज घुमला. एवढ्या गच्च भरलेल्या खोलीत...

अप्पांनी माझ्याकडं पाहिलं. "सगळं सामान आलं न्हवं, संगू?"

"आलं की."

"मग खोली रिकामी कामून वाजायलीय?"

त्यानंतर मी काय काय केलं, विचारू नका. जाड पडदे लावले. भिंतींना रजया टांगल्या. सगळं बाहेर काढून पुन्हा लावलं. मोबाइलवर रेकॉर्डिंग केलं, त्यातही घुमतंय. महेशच्या ओळखीचा एक इंजिनिअर आला, भिंती ठोकून पाहिल्या, "भरीव आहेत" म्हणाला, चहा पिऊन निघून गेला. बाकीच्या खोल्यांत काहीच नव्हतं.

खरा घोर दुसराच होता. अप्पांनी बोलणं टाकलं. "बोललं की माझंच माझ्याकडं माघारी यायलंय," एवढं म्हणाले आणि गप्प झाले. जेवण अर्ध्या भाकरीवर आलं. डॉक्टर म्हणाले, तब्येतीत दोष नाही. मला रडू यायचं आणि संतापही यायचा. पडू नये म्हणून आणलेला माणूस माझ्या डोळ्यांसमोर वाळत चालला होता.

भाडेकरूला चावी द्यायला कंधारला जायचं होतं, तर अप्पा म्हणाले, "मीबी येतो." मी भाडेकरूला पाण्याची मोटर दाखवत होते, तेवढ्यात आतून बोलणं ऐकू आलं. अप्पा रिकाम्या खोलीत फरशीवर बसून बोलत होते. लातूरची लिफ्ट, माझी खारट आमटी, वरच्या मजल्यावरचं कुत्रं. कितीतरी वेळ. आवाज तसाच कोरडा, भरल्या घरातला. मग बाहेर येऊन म्हणाले, "संगू, भूक लागली."

भाडेकरूची मी माफी मागितली.

आता अप्पा कंधारलाच राहतात. पुढच्या खोलीत झोपतात. लातूरहून कॉट परत नेली, आतल्या खोलीत लावून देते म्हटलं, तर म्हणाले, "तितं जागा कुठं हाय?" मी कॉट पुढच्या खोलीतच लावून दिली.

पण माझी काळजी काही सुटली नाही. परवाच्या रविवारी सकाळपासून फोन उचलेनात. शेजाऱ्यांचं घर बंद. मिळेल त्या एसटीनं, उभ्यानं गेले. वाटेत नको नको ते डोळ्यांपुढं येत होतं. जाऊन पाहते तर अप्पा मजेत आत बोलत बसलेले आणि फोन पुढच्या खोलीत.

माझा तोल गेला. त्यांना बाहेर जायला सांगितलं आणि त्या रिकाम्या खोलीत मधोमध उभी राहून ओरडले, "आई, हे परत पडले तर तू उचलणार आहेस का? सोड की त्यांना माझ्याकडं! मी काय परकी आहे का?" घसा बसेपर्यंत ओरडले. एक शब्द घुमला नाही.

मागं वळले तर अप्पा दारात उभे. मला वाटलं, रागावतील.

"भांड, भांड," ते म्हणाले. "मला न्हाई जमत तिच्याशी भांडायला. तुझी लई वाट बघायली ती."

हे का होतं, ते मला आजही माहीत नाही. पण मी पर्स बाजूला ठेवली, फरशीवर बसले आणि आईशी पहिल्यापासून सगळं भांडून घेतलं.