विंगकाका आणि अडलेला शब्द

रंगमंचाच्या उजेडात ज्याचं पाऊल कधी पडलं नाही आणि तरी ज्याच्यावाचून एकही प्रयोग धड पार पडला नाही, असा हा माणूस. नट त्यांना विंगकाका म्हणायचे. पडद्याच्या कडेला, विंगेच्या अंधारात, मांडीवर नाटकाची वही उघडून बसायचं आणि कुणी अडखळला की पुढचा शब्द हळूच पुरवायचा, यात त्यांची उमेदीची सगळी वर्षं गेली. भलेभले नायक त्या कुजबुजीवर तरले, आणि टाळ्या घेऊन घरी गेले.

निवृत्तीनंतर काकांनी वाचनालयाच्या वरच्या खोलीत लिहिणाऱ्यांची बैठक सुरू केली. ऋतू पालटला की बैठक. प्रत्येकाने बाहेरून त्या ऋतूची एखादी वस्तू आणायची, तिच्याकडे बघत लिहायचं, मग उभं राहून वाचायचं. सुरुवातीला खुर्च्या कमी पडत. आता खुर्च्या मांडून काकांची कंबर धरायची आणि बसायला जेमतेम चार टाळकी.

थंडी सरत आली होती. काका कोट चढवताना काकू म्हणाल्या, "अहो, तो खोकला बघा आधी. काय अडलंय तुमच्यावाचून?"

"आज शेवटची बैठक. खोलीची किल्ली परत देतो."

"मागच्या वेळीही हेच म्हणालात."

"अगं, सगळे तेच ते लिहितात. फूल उमलतं, आशा पालवते. जीव विटलाय माझा."

खोलीत नेहमीसारखे काका वाचणाऱ्याच्या शेजारी बसले. आज औषधवाले भाऊ उभे राहिले. त्यांची बायको ऐन थंडीत गेली होती. हातात एक वाळकी काडी.

"ही आमच्या गॅलरीतल्या झाडाची," त्यांनी वाचलं. "ती गेल्यापासून कुणी पाणी घातलं नाही. काल नखाने खरवडली, तर आत..."

भाऊ थांबले. काकांचे ओठ आपोआप हलले, "हिरवी होती."

"हिरवी होती," भाऊ म्हणाले आणि खाली बसले.

समोर शिवणकाम करणाऱ्या ताई होत्या, तोंडाच्या तिखट. त्यांनी काडी उचलून खिडकीशी धरली. "भाऊ, ही कुठून हिरवी?"

भाऊ ओशाळले. "काकांनी शब्द दिला. छान वाटला."

"काका, रागावू नका हं. मागच्या खेपेला माझं फूल पार कोमेजलेलं होतं. तुम्ही उमलवलंत!"

सगळे हसले. काकांना हसू आलं नाही. नाटकात त्यांच्या मांडीवर वही असायची. इथे कसली वही? इतके ऋतू ते कुणाचे शब्द वाटत होते? सगळ्यांचं लिखाण एकाच छापाचं का, ते त्यांना आज कळलं, आणि ज्यांना कंटाळून ते निघाले होते त्यांच्यात पहिलं नाव त्यांचंच होतं.

ते उठले, खुर्ची ओढत पार मागे नेली. "भाऊ, पुन्हा वाचा."

भाऊ त्याच जागी अडले. खोली गप्प झाली. विंगेतल्या माणसाला अशी शांतता म्हणजे नाटकघराला आग. शब्द घशापर्यंत आला. काकांनी मफलर तोंडावर दाबून धरला.

"...आत काही नव्हतं," भाऊ अखेर म्हणाले. "नुसता भुसा. तरी मी पाणी घातलं. तिच्याच मगाने."

कुणी टाळी वाजवली नाही. ताईंनी डोळ्यांना पदर लावला.

खुर्च्या उचलून झाल्यावर काकांनी किल्ली ताईंच्या हातात ठेवली. "पुढच्या ऋतूपासून तुम्ही सांभाळा."

"आणि तुम्ही?"

"मी मागे बसेन. लिहीन म्हणतो. कधी लिहिलंच नाही."

घरी काकूंनी विचारलं, "दिली किल्ली? सुटलात एकदाचे."

"कसला सुटतोय," म्हणत काकांनी कोट न काढताच कागद पुढे ओढला. पाय दुखत होते, खोकला वाढला होता. पहिलाच शब्द अडला. त्यांनी मान वळवून कडेला पाहिलं. तिथे काकू मटार सोलत होत्या. त्यांनी एकदा वर बघितलं, आणि काहीही न बोलता पुढची शेंग घेतली.