विहिरीतला बॅकस्ट्रोक

बॅकस्ट्रोक पोहणाऱ्याला आपण कुठे चाललोय ते दिसत नाही, दिसतं ते फक्त छप्पर. देशाकडून पोहताना परदेशातल्या बऱ्याच तलावांची छपरं मी पाहिली, आणि प्रत्येक छपरातून एक बाई वाकून माझ्याकडे बघत असायची. हे मी कुणाला सांगितलं नाही. पोरीच्या मेंदूत पाणी शिरलं, म्हणून घरच्यांनी हसण्यावारी नेलं असतं.

त्या उन्हाळ्यात शहरातला तलाव बंद झाला. बरोबरच होतं. गारखेड्यात आमच्याकडे आठवड्याने नळ यायचा, आई भाजी धुतलेलं पाणी कुंड्यांना घालायची, आणि तिच्या लेकीला पोहायला पन्नास मीटर लांब पाणी हवं होतं. तरी मला राग आलाच. राष्ट्रीय स्पर्धेत पदक आणलेलं, भारतीय संघाची निवड चाचणी दोन महिन्यांवर, आणि वय एकोणीस. त्या वयात दुष्काळसुद्धा आपल्यालाच पाण्यात पाहतोय असं वाटतं.

मला पोहायला शिकवणाऱ्या सरांनी शहराबाहेर शेंद्र्याकडे ओळखीच्या एका शेतकऱ्याची विहीर मिळवली. रुंद, पायऱ्यांची, तळाशी दोन पुरुष खोल पाणी. विहिरीत लांबी कुठून येणार? म्हणून दोराचं एक टोक कमरेला, दुसरं पायरीजवळच्या कडीला, आणि एकाच जागी पोहायचं.

त्याच रानात एक धनगर मावशी मेंढरं घेऊन उतरली होती. मेंढरांनी शेताला खत द्यायचं, मालकाने त्यांना पाणी. सकाळी मोटर लागली की विहिरीच्या पाण्याने मेंढरांचा हौद भरायचा. मावशी काठावर उभी राहून मला बघायची.

"लई हात मारती, पर जाती कुठं?" असं म्हणून स्वतःच हसायची. मी कपडे बदलायला लागले की आडोशाला घोंगडी धरायची आणि माझे कपडे हातात घेऊन उभी राहायची. मला ती फार आवडायची.

चाचणीला पंधरा दिवस राहिले आणि माझा कान ठणकायला लागला. पाणी हिरवट झालं होतं. घरी टाकीत टाकायला आणलेली टीसीएल, म्हणजे क्लोरीनची पावडर होती. तिचा डबा मी कुणाला न विचारता नेला, आणि संध्याकाळी सर स्कूटर वळवत होते तेवढ्यात अख्खा विहिरीत रिकामा केला. चमच्याने टाकायची वस्तू. पण मी तलावात वाढलेली, नाकाला क्लोरीन झोंबलं की पाणी चोख, एवढंच मला ठाऊक. वास आला तेव्हा मला घरी आल्यासारखं वाटलं.

सकाळी हौद भरला. मेंढरं धावत आली, तोंड खाली नेलं आणि मागे फिरली. मावशीने पुन्हा वळवली, ती पुन्हा फिरली. तिने ओंजळभर पाणी स्वतः पिऊन दाखवलं. मग माझ्याकडे आली. सर चहाला गेले होते.

"पोरी, पाण्याला कसला वास येतोय गं? काय पडलं का हितं?"

सांगितलं तर मालक विहीर बंद करणार आणि माझी चाचणी बुडणार. एवढा विचार करायला मला क्षणही लागला नाही.

"मला नाही येत वास, मावशी," म्हणाले आणि पाण्यात उतरले.

वर गोल आभाळ, काठावर तिचा चेहरा. ती हलली नाही. डोळे जळत होते. कान पाण्याखाली असूनही कोकरांचं ओरडणं ऐकू येत होतं. मी बाहेर आले तेव्हा ती मेंढरं हाकत निघाली. पुढचं पाणी लांब होतं. उन्हात तिची कोकरं वाटेतच गेली, असं दोन दिवसांनी मालकाने सांगितलं. सर हळहळले. मी खाली मान घालून दोराची गाठ सोडत बसले.

चाचणी जिंकले, संघात गेले, हारतुरे झाले. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, माझ्या मनात कोकरं ओरडत होती. एका परदेशी तलावात छपराकडे बघता बघता भिंत कधी आली कळलं नाही, डोकं आपटलं. पुढे क्लोरीनचा वास आला की मी तलावाच्या दारातूनच मागे फिरायचे. खांदा गेला असं सांगून मी पोहणं सोडलं. खांदा ठणठणीत होता.

शेंद्र्यात कारखाने आले, विहीर बुजली. बरीच वर्षं विचारपूस करून मावशी सापडली, एका कारखान्याच्या बागेत झाडांना पाणी घालताना. मेंढरं केव्हाच विकली होती. मी सगळं सांगितलं आणि रडले. तिने नळी दुसऱ्या आळ्यात टाकली.

"म्हाईत व्हतं मला. पयल्या दिवशी तुझे कपडे धरले, त्येला त्या पाण्याचाच वास व्हता."

"मग तेव्हाच बोलला का नाहीत, मावशी?"

"औषध हाय का इख, मला काय ठावं? तू वर येशील, सांगशील, म्हणून थांबले. तवर ऊन चढलं."

त्या दिवशी मी रोजच्यापेक्षा बराच जास्त वेळ पोहले होते. तिच्यासमोर वर यायची हिंमत होत नव्हती म्हणून.