रिकामटेकड्या फांद्या

कात्रीकाकांनी उभी हयात लोकांची डोकी भादरली. दुकान मुलाच्या हाती दिलं तरी हातांची शिवशिव गेली नाही, म्हणून काकूंनी त्यांना कुंपणालगतच्या ब्लॅकबेरीपासून कायम चार हात लांब ठेवलं होतं. ती झुडपं काकूंची. टेकडीमागच्या रानातून मुळासकट आणलेली, अस्सल रानटी; काट्यांनी सदरा धरला की सोडायचं नाव नाही.

काकूंना ऑपरेशनसाठी दवाखान्यात नेलं तेव्हा फळं संपत आली होती. गाठ काढली, पण ती कसली हे कळायचं बाकी होतं. सोबतीला मेहुणी थांबली आणि काकांना घरी पाठवलं. घर खायला उठलं. घास गिळवेना, एका जागी बसवेना. रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी, ही म्हण काही उगाच पडलेली नाही. काकांनी कात्री उचलली. ज्या फांद्यांनी फळ दिलं त्या इमानानं राखल्या, आणि नुसत्याच वाढलेल्या हिरव्यागार, रिकामटेकड्या फांद्या बुडापासून उडवल्या. झुडपं कशी चापूनचोपून दिसू लागली. त्यांना जरा हायसं वाटलं.

मेहुणी कपडे न्यायला आली आणि कुंपणाशी थबकली. फळ दिलेली फांदी वाळूनच जाते, ती म्हणाली. पुढच्या वर्षीचं फळ धरणार होतं ते या हिरव्या फांद्यांवर. काकांचं धाबं दणाणलं. घरातून निघताना काकू म्हणाल्या होत्या, पुढच्या वर्षीची फळं मीच तोडणार. एरवी शकुन-अपशकुन मानणाऱ्या गिऱ्हाइकांची काका टिंगल करायचे. आता मात्र आपण तिचं पुढचं वर्षच कापलं, असं त्यांच्या मनानं घेतलं. छाटलेल्या फांद्या त्यांनी बादलीभर पाण्यात उभ्या केल्या. त्या दोन दिवसांत माना टाकून बसल्या.

काकू घरी आल्या तेव्हा रिपोर्ट अजून यायचा होता. त्या खिडकीशी बसल्या आणि त्यांची नजर कुंपणाकडे गेली. काकांनी सगळं सांगून टाकलं, मनातल्या अपशकुनासकट.

काकूंनी बोटांवर हिशेब केला.

"म्हणजे येत्या वर्षी नवे कोंब, आणि फळ त्याच्या पुढच्या वर्षी," त्या म्हणाल्या. "अहो, मी एकाच वर्षाची हिंमत बांधली होती. तुम्ही दोन मागताय."

काकांना मान वर करवेना. काकूंनी त्यांचा हात धरला, आणि मग सोडायचं नाव नाही.