वंदनाताईंचा खुलासा

वंदनाताई गेल्याची बातमी मला सौंसरहून येणाऱ्या सकाळच्या बसच्या कंडक्टरने दिली. त्या त्याच बसने वर्षानुवर्षं पांढुर्ण्याला आमच्या ट्रस्टच्या दवाखान्यात यायच्या. तो माझ्या खिडकीशी आला आणि म्हणाला, "तुमच्या लॅबवाल्या म्याडम पहाटे गेल्या, बाई. अटॅक आला म्हणते." मी रुग्णांचे नमुने नोंदवून घेत होते, तशीच घेत राहिले... दीड महिना झाला. रडणं ओसरलं आहे. राग आहे तसाच आहे.

टीबीचा संशय असलेल्या माणसाचा बेडका काचेवर पसरून रंगवायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली तांबड्या काड्यांसारखे जंतू शोधायचे, हे ताईंचं काम. पण ते सुरू व्हायचं त्याच्याही आधी, नमुन्याच्या डबीपासून. आमच्याकडे संत्र्याच्या बागांतून, कपाशीतून लोक येतात. गालात तंबाखू-सुपारीचा खर्रा असतो, चारचौघांत खोकायची लाज वाटते, मग डबीत लाळ थुंकून मोकळे होतात. ताई प्रत्येक डबीचं झाकण उघडून बघायच्या. लाळ दिसली की माणसाला मागच्या अंगणात न्यायच्या, चूळ भरायला लावायच्या. "हा त थुका होय, बाई. मले छातीतलं पायजे. लाजू नको, खोल श्वास घे न् खोक." आणि स्वतः खोकून दाखवायच्या. आम्ही खिडकीतून बघून हसायचो.

मग जंतू ओळखणारं यंत्र यायचं ठरलं. त्याला शिकवायला काचांचे फोटो लागतात, आणि त्या फोटोंवर जंतू कुठला आणि रंगाचा कचरा कुठला हे खुणा करून सांगणारा माणूस लागतो. ते काम ताईंच्या गळ्यात पडलं. पावसाळाभर त्या डोळे चोळत कॉम्प्युटरपुढे बसल्या. कुरकुर नाही. उलट मला म्हणायच्या, "मजा येऊन राहिली वं कुसुम. याले नीट शिकवलं त मी नसल्यावर बी हे पाहीन." उद्घाटनाला नारळ फुटला, भाषणं झाली, कुणाकुणाचे आभार मानले गेले. ताईंचं नाव एकाच्याही तोंडी आलं नाही. त्यांना पाहुण्यांच्या चहाकडे बघायला सांगितलं होतं. मला आजही ते आठवलं की अंगाचा तिळपापड होतो.

त्यानंतर काचा करायला कंत्राटावर दोन मुली आल्या. ताईंनी फक्त यंत्राच्या रिपोर्टवर सही करायची. यंत्र वाईट नाही, हे मी कबूल करते. काचेवर जे असेल ते आमच्यापेक्षा लवकर शोधतं. पण काचेवर लाळच पसरली तर ते बिचारं काय शोधणार? एक संत्री तोडणारी बाई आली. महिन्याचा ताप, अंगावर पिणारं लेकरू. रिपोर्ट आला : जंतू आढळले नाहीत. तिच्याकडे बघून ताईंना ते पटेना. त्यांनी तिची डबी शोधून काढली, उघडली आणि रिपोर्टवर हाताने लिहिलं, "नमुना लाळेचा आहे. पुन्हा घ्यावा." दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात नेऊन तिचा नीट नमुना घेतला. त्याच यंत्राला तो जंतूंनी भरलेला दिसला. बाईचं औषध सुरू झालं, लेकराचीही तपासणी झाली.

बक्षीस काय, तर नोटीस. यंत्राच्या अहवालात परवानगीशिवाय फेरफार केला, आठ दिवसांत खुलासा करावा. ती नोटीस त्यांच्या हातात मीच दिली आणि पोच म्हणून सही घेतली. त्या बाईची डबी झाकण न उघडता खिडकीवर घेणारीही मीच होते. ताईंना ते ठाऊक होतं... त्या एवढंच म्हणाल्या, "पेन दे." नोटिशीने त्या गेल्या असं मी म्हणत नाही. पण शेवटचा आठवडा ताईंनी मान खाली घालून काढला, तो कशासाठी? शोकसभेत आमच्या ट्रस्टचे साहेब म्हणाले, ताईंचं काम आता यंत्र पुढे नेईल. मला उठून बोलायचं होतं. मी उठले नाही, याचाही राग आहे.

पुढच्या आठवड्यात त्यांचं ओळखपत्र आणायला सौंसरला गेले, तेव्हा त्यांच्या यजमानांनी एक पाकीट दिलं. "ऑफिसात द्याचं म्हणून लिहून ठेवलं होतं तिनं." आत खुलासा होता, एका ओळीचा : "मी डबी उघडून पाहिली होती." मी तो साहेबांपुढे ठेवला. त्यांनी घडीही न उलगडता सांगितलं, "आता त्या राहिल्याच नाहीत, प्रकरण बंद."

दुसऱ्या दिवसापासून मी खिडकीवर प्रत्येक झाकण उघडते. काल तीन डब्या परत केल्या. एक म्हातारेबुवा तणतणले, "मशीन हाय नं, मंग तुमी काय पाहून राहिल्या?" त्यांना अंगणात नेलं आणि आधी मी खोकून दाखवलं. रांग खोळंबते अशी तक्रार वर गेली आहे, मलाही नोटीस येईल. येऊ दे. खुलासा मी लिहून ठेवला आहे. ताईंच्या ओळीतलं एक अक्षरही बदलावं लागलं नाही.