पितृपक्षातला पाया

माझ्या खाणावळीचं बांधकाम दोनदा सुरू झालं. पहिल्यांदा पंचांगाच्या हुकमावरून आणि दुसऱ्यांदा सरकारच्या. ह्या दोघांचं एकमेकांशी बोलणं नसल्यामुळे मधल्यामधे माझे तीन-चार महिने गेले.

नगरला कोर्टाच्या मागे एका भाड्याच्या पत्र्याच्या शेडमध्ये मी खाणावळ चालवत असे. कर्जतकडचे, कोपरगावकडचे लोक तारखेला येत आणि निकाल काहीही लागो, दुपारी जेवायला माझ्याकडे येत. आमचे हे मराठी शाळेत मास्तर होते. त्यांच्या पगारात घर चालायचं, पण घराला जरा श्वास मिळायचा तो माझ्या चुलीमुळे. अशात शेडच्या मालकाने निरोप दिला की दिवाळीला जागा मोकळी करा, मुलाला सायकलचं दुकान टाकून द्यायचंय. त्यात त्याचं काही चुकलं नव्हतं. पण खाणावळ चार दिवस बंद राहिली की गिऱ्हाईक दुसऱ्या दारात जातं आणि तिथेच राहतं, हे मला पक्कं ठाऊक होतं. माहेरचे दागिने मोडून घेतलेली एक मोकळी जागा पलीकडच्या गल्लीत होती. दिवाळीच्या आत तिथे स्वतःचं छप्पर उभं राहिलं तर खाणावळ राहणार होती, नाहीतर संपणार होती. मी छप्पर उभं करायचं ठरवलं.

मला वाटलं होतं, दगड, चुना आणि गवंडी मिळाला की इमारत होते. किती भोळी होते मी! आधी सिटी सर्व्हेचा उतारा. मग ड्राफ्ट्समनकडून काढलेला नकाशा, तोही तीन प्रतींत. मग म्युनिसिपालिटीची बांधकामाची मंजुरी. ती हातात आल्याशिवाय सिमेंटचं आणि पत्र्याचं परमिट नाही, कारण लढाई संपली होती तरी ह्या वस्तू अजून कंट्रोलमध्येच होत्या. त्यात ही जागा राहायची नव्हती, धंद्याची होती. म्हणून आरोग्य खात्याचा परवाना वेगळा. सांडपाणी कुठे जाणार, धुराडं किती उंच, हात धुवायची मोरी किती लांब, सगळं कागदावर दाखवायचं. ह्यांचं अक्षर फार सुरेख. अर्ज असा लिहायचे की वाचणाऱ्याने चौकट करून लावावा. पण कचेरीची पायरी चढायची म्हटलं की ह्यांच्या पोटात दुखायला लागायचं. तेव्हा अर्ज लिहायचे ह्यांनी आणि घेऊन जायचे मी, अशी आमची वाटणी झाली.

पहिली चूक आमचीच. जेठात अर्ज दिला आणि चार दिवसांनी उत्तम मुहूर्त निघाला. पुढे चातुर्मास लागणार, मग कुठला मुहूर्त? "अर्ज दिलाय ना, मग मंजुरी आलीच असं समज," हे म्हणाले. मलाही ते पटलं. भिंगारचे एक मुसलमान मिस्त्री आमचं काम करणार होते. त्यांनी चुन्याची फक्की टाकून जागा आखली, आम्ही दोघांनी जोडीने पहिली कुदळ मारली, नारळ फुटला, पेढे वाटले. मुहूर्त वाया जाऊ नये म्हणून मिस्त्रींनी पुढच्या बाजूचा पायाही गुडघाभर खणून टाकला.

आठवड्याच्या आत म्युनिसिपालिटीचे ओव्हरसियर दारात उभे राहिले.

"परवानगी नसताना पाया खणलात," ते म्हणाले.

"आम्ही पूजा केली. बांधकाम कुठे केलंय?"

"पूजेला वीस फूट लांब खड्डा लागतो का, बाई?"

मिस्त्रींनी तोंड फिरवलं, पण त्यांचे खांदे हलताना मला दिसले. मला हसू आलं नाही, संताप आला. ओव्हरसियरांनी टेप धरून दाखवलं की खड्डा रस्त्याच्या हद्दीत दोन हात आत गेलाय. काम बंद करा, खड्डा बुजवून जागा होती तशी करा, नवीन नकाशा द्या, मग अर्जाचा विचार होईल, असं लिहून देऊन ते गेले. माणूस वाईट नव्हता. नियम त्याने केलेला नव्हता, आणि खरं सांगायचं तर तो नियम रास्तच होता. पण त्या दिवशी मला ते कळून घ्यायचं नव्हतं.

"वरवर माती लोटू बाई," मिस्त्री म्हणाले. "आत ढिल्लंच ऱ्हाऊ द्या. पुन्ना उकरायला सोपं जाईल."

"नाही. नीट भरा," मी म्हटलं. पुन्हा कोणी माझ्याकडे बोट दाखवायला नको होतं. माती भरल्यावर ठोकायचं धुम्मस मी स्वतः हातात घेतलं आणि आजूबाजूच्या जमिनीसकट ती इतकी ठोकली की रात्री हातात पाण्याचा तांब्या धरवेना.

नव्या नकाशात दोन हात मागे सरकावं लागलं आणि जेवणघरातली एक अख्खी पंगत गेली. त्या पंगतीसाठी मी रडले. ह्यांनी समजूत काढायचा प्रयत्न केला तेव्हा त्यांच्यावर खेकसले. मग बसून स्वयंपाकघर आखूड केलं, कोठीची खोली काढून टाकली आणि ती पंगत नकाशात परत बसवली. दर सोमवारी आणि गुरुवारी, दुपारची जेवणं आटोपली की मी म्युनिसिपालिटीत जायची. नुसतं बसून राहणं जमत नाही, म्हणून बरोबर मेथीच्या जुड्या न्यायची आणि बाकावर बसून निवडायची. कारकून आधी नाराज झाले, मग सरावले. "आज काय, चाकवत का?" असं एकाने विचारलं तेव्हा माझी खात्री पटली की आता हे लोक माझा कागद विसरणार नाहीत.

मंजुरी आली भाद्रपदात. तिच्या आधारे सिमेंटचं आणि पत्र्याचं परमिटही एका शनिवारी हातात पडलं. मी नाचतच घरी आले. ह्यांनी चष्मा लावून परमिट वाचलं आणि त्यांचा चेहरा उतरला. मुदत दहा दिवसांची होती. माल उचलायच्या आधी काम सुरू झाल्याचा ओव्हरसियरांचा दाखला जोडायचा होता. मागे काम सुरू केलं म्हणून नोटीस मिळाली होती, आता सुरू केलं नाही तर सिमेंट मिळणार नव्हतं. आणि नुकताच पितृपक्ष लागला होता.

ओव्हरसियर आमच्या भागात बुधवारीच यायचे. त्याच्या पुढच्या बुधवारी परमिटाची मुदत संपलेली असणार होती. मिस्त्रीही हातातलं काम टाकून ह्या बुधवारच्या आधी येऊ शकत नव्हते. आणि ह्या बुधवारी माझ्या सासऱ्यांची तिथी होती.

"पितृपक्षात कोणी पाया खणतं का? त्यात वडिलांच्या तिथीला? माझ्याच्याने होणार नाही," हे म्हणाले. आवाज चढवला नाही. त्यांचा आवाज चढला असता तर मला भांडता आलं असतं.

"मग मी एकटी मारते कुदळ," मी म्हटलं. "दिवाळी पुढं ढकलता येत नाही."

बुधवारी पहाटे उठून मी पित्रांचा सगळा स्वयंपाक केला. वडे, खीर, कढी, गवार, भोपळा, भात. भावकीतले दोन वडीलधारे पित्र म्हणून जेवायला यायचे होते. सगळं झाकून ठेवलं आणि साइटवर गेले. मिस्त्री दोन बिगारी घेऊन आलेले होते, नवी फक्कीही टाकून झाली होती, पण कुदळीला कोणी हात लावला नव्हता.

"आमाला काय न्हाई बाई," मिस्त्री म्हणाले. "पन पहिली कुदळ धन्याची लागती. मास्तर न्हाई आले?"

"मीच धनी," मी म्हटलं आणि पदर खोचला. स्वतःच ठोकून घट्ट केलेली जमीन होती, पहिला घाव नुसता उडाला. दुसरा बसला. भीती वाटत होती का? वाटत होती. सासरे माझ्याशी कधी वाकडं बोलले नव्हते, त्यांची मनात माफी मागितली आणि तिसरा घाव मारला. मग बिगारी पुढे झाले. अकराच्या सुमाराला ओव्हरसियर आले, रस्त्यापासून टेप धरली, मान हलवली आणि सायकलच्या सीटवर कागद ठेवून दाखला लिहून दिला. तो मी पोलक्यात ठेवला.

दीड वाजता हे येताना दिसले. डोक्यावर पातेलं, हातात डबा, काखेत पत्रावळींचा गठ्ठा. शाळेतला मास्तर भर रस्त्याने असा कधी कोणी पाहिला नसेल. मी हातातलं टाकून पुढे झाले.

"काय झालं?" मी विचारलं.

"जेवणारे आले नाहीत. सुनेने आज जमीन खणली म्हणून येणार नाहीत, असा निरोप आला," ते म्हणाले. पातेलं खाली ठेवून घाम पुसला. "मी तासभर वाट पाहिली. मग म्हटलं, जेवणारे इकडे आहेत."

ह्यांनी फक्कीच्या रेघांच्या आत जमीन झाडली आणि पत्रावळी एका ओळीत मांडल्या. बिगारी बसले. मिस्त्री आपलं पान उचलून सवयीने लांब दगडावर बसायला निघाले. आमच्या शेडमध्येही ते तसेच वेगळे बसत आणि मी ते कधी मनाला लावून घेतलं नव्हतं.

"मिस्त्री, तिकडं नाही. इथं, पहिल्या पानावर," हे म्हणाले.

मिस्त्रींनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. ते आले, हात धुतले आणि बसले. ह्यांनी पहिला वडा त्यांच्या पानावर वाढला, मग बिगाऱ्यांना वाढलं. शेवटचं एक पान रिकामं होतं. "तू सकाळपासून उपाशी आहेस, बस," म्हणाले आणि मलाही वाढलं. मग पानांवरून नजर फिरवत, चुकूनमाकून काही राहिलं नाही ना हे बघून, ते हात जोडून उभे राहिले.

"सावकाश होऊ द्या," हे म्हणाले, आणि माझ्या खाणावळीत पहिली पंगत बसली.