बोलके तास

किस्से कोणी ठरवून जमवत नाही हो. भाईंदरच्या आमच्या प्राथमिक शाळेत मधली सुट्टी झाली, की चहाचा कप हातात यायच्या आधीच स्टाफरूममध्ये कोणीतरी सुरू करायचं, "आज माझ्या वर्गात काय झालं माहितीये?" शाळा सुटून इतकी वर्षं झाली, आम्ही बायका अजून कुठल्याही लग्नात भेटलो तरी जेवणं राहतात बाजूला आणि हेच सुरू होतं. नवरे बिचारे आईस्क्रीम खाऊन मोकळे!

*

तिसरीला मराठीचा तास चालला होता. वर्गात रत्नागिरीची मुलं, रायगडची मुलं, लालबाग-परळ सोडून आलेल्यांची मुलं आणि पहिल्या बाकावर इथल्याच राई गावातली दर्शना. मी काही विचारलं की ती म्हणायची, "न्हाय बाई."

मी म्हटलं, "दर्शना, नाही म्हणावं."

ती गंभीरपणे म्हणाली, "बाई, घरी 'नाही' बोलली तर आई विचारते, कोन पावनी आयली?"

वर्ग हसला, पण मला ते पटलं. मी फळ्यावर दोन्ही शब्द लिहिले. म्हटलं, शाळेत हा, घरी तो, दोन्ही आपलेच. झालं! एक म्हणाला, "आमच्या शेजारच्या आंटी 'नथी' बोलतात." दुसरा म्हणाला, "दुकानवाला 'नहीं' बोलतो." कोणीतरी 'नो' आणलं. फळा भरला.

तेवढ्यात मोठ्या बाई दारात. फळा वाचून म्हणाल्या, "अगं बाई! आणि मी तुम्हाला रविवारी पोलिओ ड्युटीला याल का, ते विचारायला आलेय!"

*

पहिलीपासून इंग्रजी आलं, तेव्हा सगळ्यात जास्त धास्ती आयांनी घेतली. अक्षयची आई डबे करून पोचवायची. पालकसभेला कधी यायचीच नाही. मी अक्षयला विचारलं, तर म्हणाला, "आई बोलते, तिकडे इंग्लिशमध्ये बोलायला लागतं."

"अरे, आपली मराठी शाळा आहे ना!"

"सांगितलं बाई. ती ऐकतच नाय."

पुढे एकदा वर्ग चालू असताना ती दारात येऊन उभी राहिली. हाताला अजून पीठ लागलेलं, पदर नीट केलेला. मी "या ना" म्हणणार, तोच माझं लक्ष अक्षयकडे गेलं. तो बाकावरून तिच्याकडे टक लावून ओठ हलवत होता.

अक्षयच्या आईने एक मोठा श्वास घेतला. "मे... आय... कम इन, टीचर?"

मी तोंड उघडायच्या आत अख्खा वर्ग ओरडला, "येस, कम इन!"

ती इतकी हसली, इतकी हसली, की डोळ्यांत पाणी आलं. तिथेच दारात थबकली. आणि अक्षय दबक्या आवाजात सांगतोय, "आई, थँक्यू म्हण! थँक्यू राहिलं!"

*

चित्रकलेला आमच्या सावंत बाई. त्यांनी विषय दिला, 'माझं कुटुंब'. विकीने आई काढली, ताई काढली, स्वतःला काढलं आणि मध्ये मोठी जागा कोरी सोडली.

"इथे कोण रे?"

"पप्पा. ते गाडीवर गेलेत." वडील ट्रकवर ड्रायव्हर. काशीमीऱ्याहून माल भरून निघाले की कधी गुजरात, कधी त्याच्याही पुढे.

"मग आठवून काढ ना."

"आठवतात बाई. पण घरी नाहीयेत, तर घरात कसे काढू?"

सगळ्यांची चित्रं भिंतीवर लागली, त्यात हेही लागलं. तसंच, जागा सोडलेलं.

बरेच दिवस गेले. एका सकाळी विकी धावत आला, "बाई, चित्र द्या! पप्पा आले!" चित्र उतरवलं, तो तिथेच फरशीवर बसला आणि रंगवायला लागला. बाई बघतात तर काय, आई, ताई, विकी उभे आणि पप्पा मध्ये आडवे!

सावंत बाईंना हसू आवरेना. "अरे, हे असे कसे रे?"

विकीने तोंडावर बोट ठेवलं. "बाई, हळू बोला ना! आत्ता झोपलेत."

*

भोईर सर आमचे खेळाचे शिक्षक. मैदान नव्हतंच, शेजारच्या बिल्डरचा प्लॉट रिकामा होता, तेच मैदान. एका वर्षी स्पर्धांना सरांनी हौसेने फिनिश लाइनला लाल साटीनची रिबन बांधली.

मुलींच्या शर्यतीत पूजा सगळ्यांच्या पुढे. सुसाट आली आणि रिबनच्या आधी एका पावलावर ब्रेक! तिच्या मागून आलेल्याही थांबल्या. सगळ्या रिबनसमोर ओळीत उभ्या!

सर ओरडतायत, "अगं, घुस ना! घुस!"

पूजा म्हणाली, "सर, तुटेल ना. नवीन आहे."

सरांनी कपाळावर हात मारला. पण पुढे होती ती पुढेच होती. पहिला नंबर तिचा आणि रिबनही तिलाच दिली. दुसऱ्या दिवशी आली ती दोन वेण्यांना लाल साटीनची फुलं, रिबन मधोमध कापून!

सर म्हणाले, "काय गं, आता कापलेली चालते?"

"आता माझी आहे ना सर!"

*

आणि सुमन. तिसरीपर्यंत रत्नागिरीकडे आजीजवळ वाढलेली. आईबाबांनी चौथीला इकडे आणली, माझ्याच वर्गात. शाळेत आली आणि बोलायचीच बंद झाली. हजेरीला हात वर. पाणी हवं तर बाटली दाखवायची. घरी बोलते म्हणे, पण तेही जेवढ्यास तेवढं. मी गोडीने विचारून पाहिलं, गाणी म्हणून पाहिली. नुसती बघत राहायची.

पण पळायची अशी, की भोईर सर वेडे झाले. त्यांनी तिला खो-खोच्या टीममध्ये घेतलं. आता खो-खोत बसलेल्या मुलीच्या पाठीला हात लावून 'खो' ओरडावंच लागतं, नाहीतर फाऊल. ही हात लावायची, ओठ घट्ट मिटलेले. सरावात मुली समजून उठायच्या. मी म्हटलं, "सर, मॅचमध्ये कसं होणार?" सर म्हणाले, "बाई, ती मैदानात आली तरी मला पुरे आहे."

दुसऱ्या शाळेशी मॅच लागली. सुमनने हात लावला की पंचांची शिट्टी, फाऊल. पुन्हा हात, पुन्हा शिट्टी. तिकडच्या मुली हसायला लागल्या. मी सरांना म्हटलं, "बाहेर घ्या हो तिला, रडेल." सरांनी मानेनेच 'नाही' म्हटलं.

शेवटचं मिनिट. एक गडी बाद झाला की आपण जिंकलो. त्यांची मुलगी दमून पूजाच्या अगदी समोर आलेली आणि पूजाच्या मागे सुमन.

"खो!"

एवढा खणखणीत आवाज, की पंचही वळले. आणि पूजा? ती उठलीच नाही! तोंड उघडं टाकून मागे वळून सुमनकडे बघत बसली. समोरची पळून गेली. वेळ संपली, आम्ही हरलो.

सुमनने कमरेवर हात ठेवले.

"खो दिलाय ना तुला? ऊठ गो बाय!"